मामंजींच्या नावचा आकडा

तंजावूर, १४ जुलै २०२५

चि. शांभवी,

आशीर्वाद. घ्यायचे तर घे, नाहीतर पाकिटात राहू देत.

मागच्या पत्रांना तुझं उत्तर आलं नाही. फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सॅपवर तुझा फोटो दिसेनासा झाला, तेव्हा माझ्याकडे पोस्टमन तेवढा उरला. आप्पांनी लहानपणी आपल्या दोघींना दर रविवारी बाळबोध गिरवायला लावलं, त्याचा हा फायदा. आमच्या घरात मी हे पत्र जेवणाच्या टेबलावर उघडं टाकलं तरी चालतं. यजमान घरात मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ आणि इंग्रजी. मामंजींना पोथीतलं नागरी येतं, पण दुसऱ्याचं पत्र वाचणं त्यांच्या मडीत बसत नाही.

मडी म्हटलं की तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पुण्यात राहून तू सोवळं म्हणायला लागलीस, पण आठी तीच. चार वर्षं झाली. सासूबाईंचं श्राद्ध होतं, मामंजी धूतवस्त्र नेसून पाटावर बसलेले, अंगात ताप. तू स्टेशनवरून आलीस ती सरळ त्यांच्या कपाळाला हात लावायला. मग त्यांनी त्या तापात पुन्हा विहिरीच्या पाण्याने आंघोळ केली आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. तू चारचौघांत म्हणालीस, "या घरात माणसापेक्षा मडी मोठी." मी म्हणाले, "हे माझं घर आहे, तू पाहुणी आहेस." संध्याकाळच्या गाडीने तू गेलीस. मी आता त्यावर वाद घालायला बसलेली नाही. तुला इथली बातमी कळवायची आहे.

बातमी अशी की आमच्या घरी यंत्र आलंय. आपल्या भागातल्या सरकारी आरोग्य केंद्रातून भुवना नावाची नर्स येते, स्कूटीवरून. चांगली मुलगी आहे, बोलते फार. तिने मामंजींचं नाव टॅबमध्ये घातलं, वय ब्याऐंशी, बी.पी.ची गोळी चालू. एक यंत्र दिलं, दंडाला बांधायचा पट्टा दिला आणि माझ्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. रोज सकाळी मोजायचं, आकडा आपोआप केंद्रातल्या डॉक्टरांकडे जातो. केंद्रात जाऊन रांगेत बसायला नको. मामंजींना हे आवडलं. त्यांनी भुवनाला विचारलं, "म्हणजे डॉक्टर माझ्या दंडात बसून राहणार?" ती हसत सुटली.

अडचण वेळेची आहे. अ‍ॅप सहा ते आठमध्येच सकाळचा आकडा घेतं. पावणेसात झाले की फोनमधून एक बाई तमिळमध्ये "वणक्कम, हनुमंतराव" म्हणते. त्या वेळी हनुमंतराव आंघोळ करून पूजेला बसलेले असतात. उंच काठीवर वाळवलेलं धोतर, कोणाचा स्पर्श नाही. आणि पट्टा कसला, तर नायलॉनचा, आमच्या आधी कोणाकोणाच्या दंडाला बांधलेला. पूजा नि जेवण आटोपून ते मडीतून बाहेर येतात तेव्हा दहा वाजून गेलेले असतात.

पहिल्या दिवशी आकडा गेला नाही तर केंद्रातून फोन. दुसऱ्या दिवशी भुवना दारात, ऐन नैवेद्याच्या वेळी. मामंजींनी आतून घंटा जरा जोरात वाजवली. तिसऱ्या दिवशी बाईचं वणक्कम झालं आणि मी पट्टा माझ्याच दंडाला बांधला. बटण दाबलं, आकडा गेला, हिरवी खूण आली.

शाळेत मी इतकी वर्षं भूगोल शिकवला. वर्गात एखादी मुलगी शेजारणीची हजेरी लावायची, तेव्हा मला आवाजावरून कळायचं आणि मी बाकावर उभी करायची. आता मीच ते करते. पण हजेरीच तर आहे. मामंजी ठणठणीत आहेत.

बाकी ठीक. माझं डोकं दुखतं अधूनमधून, ते चष्म्याचं आहे.

तुझी,
अक्का

तंजावूर, ३ ऑगस्ट २०२५

चि. शांभवी,

आज आडीपेरुक्कु, कावेरीच्या पुराचा सण. यजमान सकाळी तिरुवैयारुला जाऊन आले, कावेरी दोन्ही काठ भरून चालली आहे म्हणाले. मी चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात केला. तिन्ही तुझ्या आवडीचे, पण तुला जळवायला लिहीत नाहीये.

काळजीची गोष्ट आहे. मामंजींचा आकडा चढलाय.

फोनवर हिरव्याऐवजी लाल खूण यायला लागली. पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. मग तमिळमध्ये निरोप आला, "हनुमंतराव, तुमचा रक्तदाब जास्त आहे, मीठ कमी करा." एकशे अठ्ठावन्न, कधी बासष्ट. मी सारातलं मीठ निम्मं केलं, लोणचं बंद केलं, पापडाचा डबा वर ठेवला. मामंजींनी सार तोंडाला लावलं आणि विचारलं, "राजी, तुझा नि माझा काही तंटा झाला आहे का?" मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय." त्यांनी मुकाट्याने भुरका मारला.

तू म्हणशील, पट्टा तुझ्या दंडाला, मग मीठ त्यांचं का कमी केलंस? मला तेव्हा हे सुचलं नाही, आणि आता लिहितानाही ते मला नीट उलगडत नाही. निरोपात त्यांचं नाव असतं. बाई हाक त्यांना मारते. रोज तो आकडा पाहून मला त्यांचीच काळजी वाटते. एकाच घरचं अन्न, एकाच विहिरीचं पाणी, असं काहीतरी मी मनाशी म्हणत असते.

मागच्या आठवड्यात भुवना आली ती जेवणं झाल्यावर. मामंजी ओटीवर बसले होते, त्यांनी आपणहून दंड पुढे केला. मडी सुटली की ते कोणालाही शिवतात, तिच्या स्कूटीवर सुद्धा बसतील. आकडा छान आला, तिशी-पस्तिशीतल्या माणसासारखा. भुवना म्हणाली, "अम्मा, सकाळी एवढं जास्त नि दुपारी एवढं चांगलं?" तिने टॅबवर डॉक्टरांना बोलावलं. डॉ. अखिला तरुण आहेत, केस घट्ट बांधलेले, बोलणं शांत. त्यांनी सकाळच्या लाल आकड्यांची रेघ पाहिली आणि म्हणाल्या, गोळीचा जोर पहाटेपर्यंत टिकत नाही, रात्री आणखी अर्धी देऊ.

मी तिथेच उभी होते. सांगणं एका वाक्याचं होतं. पण ते वाक्य मला तमिळमध्ये कसं म्हणायचं ते समजेना. आमच्या घरी सासरे पूजेच्या वेळी तुमच्या पट्ट्याला शिवत नाहीत, हे त्या मुलीच्या तोंडावर सांगायचं? ती आपल्या मैत्रिणींना सांगेल, राजवाड्यामागच्या रावांच्या घरी अजून असं चालतं. आणि तू चार वर्षांपूर्वी म्हणालीस तेच ते होईल. म्हणून मी कॉफी आणायला आत गेले.

अर्धी गोळी मी आधी काही दिवस दिली नाही. मग दिली, कारण भुवना येते तेव्हा रिकामं पाकीट बघते. डॉक्टर शिकलेल्या आहेत, नुसत्या आकड्यावर का गोळी देतील, असंही मला वाटलं.

मला तुझ्याकडून उत्तर नको. पण तू इतकी वर्षं लॅबमध्ये लोकांची रक्तं तपासलीस. एका माणसाची बाटली दुसऱ्याच्या नावाने गेली तर तुम्ही काय करत होता, एवढं सांगशील का? एका ओळीत.

तुझी,
अक्का

तंजावूर, १९ ऑगस्ट २०२५

शांभवी,

तुझी ओळ आली नाही. मला हवी होती.

गोकुळाष्टमीच्या सकाळी मामंजी आरतीला उठले आणि उठता उठता बसले. बसले म्हणजे पाय गेले त्यांचे. मी अंगणाच्या दारातून बघत होते. अंगावर कालची साडी, आंघोळ झालेली नाही, हात रांगोळीच्या पिठाचे. मी धावले आणि त्यांना दोन्ही हातांनी धरलं. डोकं खांबावर आपटायचं ते माझ्या खांद्यावर आलं. कोपर तेवढं खरचटलं.

शांभवी, किती हलके आहेत ग ते. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून त्यांना कधी धरलं नव्हतं. नमस्कार केला तोही लांबून.

यजमान आले, पाणी आणलं. मामंजी पांढरे पडले होते. मी धरलेलं सोडेना आणि त्यांनीही सोडवून घेतलं नाही. मी म्हणाले, "मामंजी, तुमची मडी मोडली, आंघोळीचं पाणी ठेवते." ते म्हणाले, "राहू दे. कृष्णाला काय कळत नाही का?" मग तसेच बसल्या बसल्या त्यांनी यजमानांकडून आरती करवून घेतली.

पुढच्या दोन दिवसांत आणखी दोनदा त्यांना घेरी आली, दोन्ही वेळा बसलेलं उठताना. रात्रीची अर्धी गोळी मी अष्टमीच्याच दिवशी बंद केली होती, कोणाला न विचारता. आणि काल दुपारी, ते ओटीवर एकटे असताना, मी जाऊन खाली बसले आणि सगळं सांगितलं. वणक्कमवाली बाई, नैवेद्याच्या वेळी दारात आलेली भुवना, माझा दंड, लाल खूण, अर्धी गोळी. मला वाटलं होतं ते रागावतील. तुला माहीत आहे त्यांचा राग, आवाज चढत नाही, फक्त जेवत नाहीत.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला विचारलीस नाहीस काय म्हणून? मी पाचाला उठतों. आंघोळीच्या आधी मला कसली मडी? तेव्हा बांध की तुझा पट्टा."

मी म्हटलं, "त्या अ‍ॅपाला पाचाचं चालत नाही, मामंजी. सहानंतरच घेतं."

"मग त्या भुवनाला सांग. यंत्र तिचं, वेळ तिची, बदलेल ती. माणसांनी केलेलं यंत्र आहे, अस्कं, सगळं बदलतं."

एवढं सोपं होतं. मी त्यांना विचारलं नाही, कारण ते नाही म्हणतील हे मीच ठरवून टाकलं होतं. भुवनाला सांगितलं नाही, कारण ती हसेल हेही मीच ठरवलं होतं. दोघांच्या वतीने मी एकटीच मडी पाळत होते.

मी उठायला लागले तर ते म्हणाले, "बैस. एक सांग. तो एकशे साठाचा आकडा माझा नव्हे."

"नव्हे, मामंजी."

"मग कोणाचा?"

शांभवी, खरं सांगते, तोपर्यंत मी हा प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नव्हता. दीड महिना तो पट्टा माझा दंड आवळत होता. दीड महिना मी लाल आकडा बघून दुसऱ्याच्या सारातलं मीठ काढत होते आणि स्वतः भाताबरोबर लोणचं खात होते.

ते म्हणाले, "तुझी आई कशाने गेली, राजी?"

त्यांना माहीत आहे. त्यांनीच तेव्हा गाडी बोलावली होती. आई संध्याकाळी तुळशीला दिवा लावत होती आणि तिचं तोंड वाकडं झालं. आईचं बी.पी. कधी कोणी मोजलंच नव्हतं. ती म्हणायची, मला काही होत नाही, डोकं दुखतं तेवढंच.

मला भीती वाटते आहे. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते.

अक्का

तंजावूर, २९ ऑगस्ट २०२५

चि. शांभवी,

आशीर्वाद. आधी मनात येईल ते सांगते, मी बरी आहे.

मामंजी, यजमान आणि मी असे तिघे रिक्षाने केंद्रात गेलो. मामंजी म्हणाले, मी येणार, कोपर दाखवायचं आहे. कोपर कधीच बरं झालं होतं. मला एकटीला आत जाऊ द्यायचं नव्हतं त्यांना, म्हणून कोपर.

डॉ. अखिलांना मी सांगितलं. तमिळमध्येच सांगितलं आणि वाक्य एकच निघालं: "सकाळचे आकडे त्यांचे नाहीत, माझे आहेत." भुवनाने तोंडावर हात ठेवला. हसली नाही ग. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण रोज सकाळी ती हिरव्या-लाल खुणा बघत होती आणि आजोबांची काळजी करत होती.

डॉक्टर रागावल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत. त्यांनी मामंजींना निजवून मोजलं, मग उभं करून मोजलं. म्हणाल्या, "उठताना दाब खूप उतरतोय. डोकं आपटलं असतं तर आपण हे असं बोलत बसलो नसतो." त्या 'आपण' म्हणाल्या, 'तुम्ही' नाही, पण मला जे लागायचं ते लागलं. मग स्वतःच म्हणाल्या, "दुपारचा चांगला आकडा भुवनाने घेतला होता. मी रेघेवर विश्वास ठेवला, त्यांना इथे बोलावून बघायला हवं होतं." जादा गोळी कायमची बंद. मामंजींच्या नावचे जुने सकाळचे आकडे त्यांनी टॅबमध्ये बाजूला काढले आणि शेरा घातला. वेळेचं मी विचारलं, तर भुवनाने दोनदा बोट लावलं आणि पाचची वेळ झाली. मामंजी मला म्हणाले, "पाहिलीस?"

मग मामंजींनीच खुर्चीवरून उठून मला तिथे बसायला लावलं.

एकशे बहात्तर, खाली शंभर. पुन्हा मोजलं, एकशे सत्तर. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी टाकली, हात वर करायला लावले, छातीचा आलेख काढला, रक्त घेतलं. डोकेदुखी किती दिवस, असं विचारलं. मी म्हणाले, चष्मा. यजमान मागून म्हणाले, "पोंगलपासून दुखतं आहे." मला वाटत होतं त्यांना वर्तमानपत्रापलीकडे काही दिसत नाही.

आईचं सांगितलं. त्या लिहीत होत्या, त्यांनी मान वर करून विचारलं, "भावंडं?" मी म्हणाले, एक बहीण, धाकटी. "त्यांनाही तपासायला सांगा." म्हणून हे पत्र, शांभवी. आपलं बोलणं नसू दे, पण तू मोजून घे. लॅबमध्ये जन्म गेला म्हणून स्वतःचं कोणी तपासतं असं नाही, मला माहीत आहे तू कशी आहेस ते.

गोळी सुरू झाली आहे. रक्ताचे आकडे ठीक आले. मूत्रपिंडाला काही झालेलं नाही, वेळेवर कळलं म्हणाल्या. मीठ आता माझं कमी आहे. मामंजींना त्यांचं सार परत मिळालं आणि ते माझ्या समोर बसून ते चवीने पितात.

आता एक कबूल करायचं आहे. माझ्या नावाने नवं खातं उघडताना भुवनाने विचारलं, आकडा चुकला किंवा फार चढला तर निरोप कोणाला पाठवू? यजमान म्हणाले, मला. ती म्हणाली, "अय्या, तुम्हाला तीनदा फोन केला तरी उचलत नाही." त्यांचा फोन उशीखाली असतो आणि ते ओटीवर. मग ती माझ्याकडे वळली. "अम्मा, तुम्ही आकडा चुकवलात तर तुम्हाला रागावणारं कोण आहे?"

मी तुझा नंबर दिला.

विचारून द्यायला हवा होता, पण विचारणार कसं? तुझ्या फोनवर केंद्राचा निरोप येईल, वर तमिळ, खाली इंग्रजी. रोजचा आकडाही येईल, भुवनाने तसं लावून दिलंय. नको असेल तर केंद्राला कळव, ते काढून टाकतील, मला कळणारही नाही. रागावायला हवंच असं नाही. फक्त तो आकडा या वेळी माझाच आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
अक्का

तंजावूर, २१ सप्टेंबर २०२५

चि. शांभवी,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा यातलं निम्मं बोलून झालेलं असेल. तरी लिहिते, माझी सवय जात नाही.

आज महालय अमावास्या. मामंजींचं तर्पण, तिळाचं, दर्भाचं बघण्यात सकाळ गेली. उद्यापासून नवरात्र म्हणून यजमानांनी पहाटेच माळ्यावरून गोलूच्या बाहुल्या उतरवल्या आणि पायऱ्यांच्या फळ्या लावत बसले. राजा-राणीच्या जोडीतल्या राणीचं नाक उडालं. मी ते चिकटवत होते. साडेसातची माझी वेळ टळली. पट्टा आठवला नाही मला.

फोन वाजला तेव्हा माझ्या बोटांना गोंद लागलेला होता. मी न बघता उचलला, वाटलं भुवना.

"अक्का, आकडा आला नाही."

तुझा आवाज मी लगेच ओळखला. चार वर्षांत तो खरखरीत झालाय. मी म्हणाले, "गोलू मांडत होत्ये."

"गोळी घेतलीस?"

"घेतल्ये की. पट्टा राहिला."

"आता बांध. खुर्चीवर बैस, पाठ टेक. पाय खाली. मी थांबत्ये."

शांभवी, तू आपल्या घरचं 'थांबत्ये' म्हणालीस. पुण्यात इतकी वर्षं राहून तुला ते विसरायला झालं असेल असं मला वाटलं होतं.

मी बसले. फोन मांडीवर ठेवला आणि दंडाला पट्टा बांधला. मी काहीतरी बोलायला लागले, तर तू म्हणालीस, "मोजताना बोलायचं नाही, चुकीचा येतो." मी गप्प झाले, तूही गप्प झालीस. यंत्र घुरघुरायला लागलं. मामंजी तर्पण आटोपून आत येत होते, त्यांनी माझ्या मांडीवरच्या फोनवर तुझं नाव पाहिलं आणि तिथेच उभे राहिले. यजमान हातात फळी घेऊन उभे. तुझ्याकडून मागे कुठेतरी कुकरची शिट्टी ऐकू आली.

मग तुझ्या फोनवर आकडा माझ्याआधी आला. तू वाचलास, "एकशे अडतीस." आणि म्हणालीस, "कालपेक्षा जास्त आहे."

म्हणजे कालचा तुला माहीत होता. म्हणजे रोजचा माहीत होता. तू केंद्राला काही कळवलं नव्हतंस.

मी म्हणाले, "तुझा फोन आला म्हणून वाढला असेल."

तू म्हणालीस, "मग उद्यापासून तू आधी मोज. आकडा आला की मी फोन करीन."

पुढे काय बोललो ते तुला माहीत आहे. तू तुझं मोजलंस, ठीक आलं, हे ऐकून मला बरं वाटलं. मामंजींनी हात पुढे केला आणि मी फोन दिला. अजून ते ओलेत्याने होते, मडीत. त्यांनी तो घेतला, कानाला लावला आणि म्हणाले, "काय ग शांभवी, ताप बघायला कधी येणार?" तू त्यांना काय उत्तर दिलंस ते त्यांनी मला सांगितलेलं नाही. नंतर त्यांनी आंघोळीला पाणी मागितलं, ते मी दिलं. आपापलं जे ते करत राहणार, ते काही बदलणार नाही.

एक गोष्ट मात्र मी फोनवर सांगितली नाही, ती लिहिते. यंत्र मोजून थांबलं, पट्ट्यातली हवा गेली, तरी मी तो लगेच सोडला नाही. तू आकडा वाचायच्या आधी फोनमध्ये तुझा श्वास ऐकू येत होता आणि मला तो आणखी थोडा ऐकायचा होता.

तुझी,
अक्का